दासगावची सडक आणि नव्या गाडीचे पहिले ऑइल

दासगाव हे महाड तालुक्यातले सावित्रीकाठचे गाव. बाणकोटच्या मुखातून भरतीच्या पाण्यावर आत येणारी गलबते, आणि नंतरच्या काळात लहान आगबोटी, येथपर्यंत सहज पोचत. त्यापुढे पात्र उथळ होत जात असल्यामुळे महाडच्या पेठेचा बराच माल आणि उतारू दासगावलाच उतरत. मुंबईहून महाबळेश्वरला जाणारी मंडळीही एके काळी याच वाटेने जात: आगबोटीने बाणकोट, तिथून दासगाव, मग महाड, पोलादपूर आणि आंबेनळीचा, म्हणजे त्या काळच्या फिट्झगेराल्ड घाटाचा चढ. बंदर आणि घाट यांच्या मधल्या या सडकेवर सारी वाहतूक बैलगाडीची होती.

बैलगाडीची निगा सोपी असली तरी रोजची होती. लाकडी चाक आणि आस यांच्यामध्ये ओंगण घातले नाही तर चाक करकरे, लाकूड तापे आणि आस झिजे. म्हणून गाडीवान ओंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगून नेई. गाडी दुरुस्त करणारा सुतार गावातच असे. वर्षाच्या बलुत्याच्या बदल्यात शेतीची अवजारे नीट ठेवणे हे त्याचे काम होते, आणि गाडीचे काही बिघडले तरी त्याच्याच दारात जायचे. वस्तू घडवणारा आणि ती दुरुस्त करणारा माणूस एकच, तोही हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हमी लिहून घेण्याची वेळ येत नसे. मोटार आली तेव्हा ही सोय संपली. इंजिन परदेशात घडलेले, विकणारा मुंबईला आणि चालवणारा महाडला, अशी तीन ठिकाणी विभागलेली व्यवस्था आली. नव्या गाडीचे ऑइल किती मैलांनी बदलायचे आणि ते न बदलल्यास नुकसान कोणाच्या माथी, हे दोन्ही प्रश्न त्या विभागणीतून उभे राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यात खासगी प्रवासी मोटारी वाढल्या. मुंबईहून बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने महाड हा मार्ग जवळचा ठरला. दासगावची जलवाट लांबची म्हणून मागे पडू लागली. मोटारमालकांच्या हाती या काळात केवढी सत्ता आली होती हे 1927 सालच्या डिसेंबरात दिसले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 24 डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. त्यांच्यासोबत सुमारे 200 प्रतिनिधी होते. धरमतरचा मार्ग जवळचा असूनही त्यांनी दासगावची लांबची वाट धरली, कारण धरमतरला मोटारमालकांनी बहिष्कार टाकला असता तर सारेच तिथे अडकून पडले असते. दासगावहून महाड पाच मैल. तेवढे अंतर चालून जाता येण्यासारखे होते. 25 डिसेंबरला बोट दासगावला लागली आणि मंडळी पायी महाडला गेली. गाडी कोणाला न्यायची हे ठरवण्याचा अधिकार ज्या थोड्या मालकांकडे होता, त्यांच्यापुढे दासगावचे बंदर आणि माणसांचे पाय कामी आले. कोकणातल्या वाहतुकीच्या इतिहासात या पाच मैलांना वेगळे महत्त्व आहे.

त्या काळच्या मोटारी बहुतेक अमेरिकन सांगाड्यांवर बांधलेल्या असत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि सांगाडा घेऊन त्यावर लाकडी टप चढवण्याचा धंदा वाढला. या गाड्यांच्या इंजिनाचे वंगण आजच्यापेक्षा फार वेगळे होते. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये तेलाचा पंपही नव्हता आणि गाळणीही नव्हती. इंजिनाच्या तळच्या चेंबरमधले तेल फिरत्या भागांच्या धडकेने उडायचे आणि उडेल तिथे पोचायचे. इतर गाड्यांत पंप असला तरी त्याच्या तोंडाशी तारेच्या जाळीपलीकडे काही नसे. ऑइल फिल्टर बाजारात आला तो 1923 नंतर, आणि साध्या गाड्यांत तो नेहमीचा व्हायला आणखी दोनतीन दशके गेली. तेलाची घट्टता अंकांनी सांगण्याची एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची पद्धत 1911 ची. त्यापूर्वी ‘जाड’ आणि ‘पातळ’ एवढ्यावरच भागत असे. शर्यतीच्या आणि विमानाच्या इंजिनांत तर एरंडेल वापरत. ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव त्यातूनच आले.

नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर का बदलायचे, याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. नुकत्याच घासून काढलेल्या सिलिंडरची भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण तिच्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. पिस्टनच्या रिंगा त्या उंचवट्यांवर घासल्या जातात, उंचवटे झिजतात आणि रिंग भिंतीला बरोबर बसते. मेकॅनिकांच्या भाषेत इंजिन ‘सेट होते’. या बसण्याच्या काळात निघालेला धातूचा कीस तेलात उतरतो. त्यात ओतकामातली वाळू, जोडणीच्या वेळी राहिलेले कण, सांधे बंद करायच्या लेपाचे तुकडे मिसळतात. गाळणी नसलेल्या इंजिनात हा सारा माल पुन्हा पुन्हा बेअरिंगमधून फिरत राहतो, आणि त्या वेळची बेअरिंगे मऊ पांढऱ्या धातूची असल्यामुळे कण त्यांच्यात रुतून शाफ्टला ओरखडे पाडत. म्हणून मॉडेल टीच्या पुस्तिकेत नव्या गाडीचे तेल चारपाचशे मैलांतच सोडून टाकायला सांगितले होते. पुढच्या पाच दशकांत जवळजवळ प्रत्येक कारखानदाराने 500 मैल, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर, हाच आकडा धरला. त्या मैलांत गाडी एका मर्यादेबाहेर पळवायची नाही, मोठ्या गिअरमध्ये चढाला रेटायची नाही, पूर्ण भार घालायचा नाही, असे पथ्य असे. इंग्लंडात तर नव्या गाडीच्या मागे तशी पाटी लावत, म्हणजे मागच्याने समजून पुढे जावे.

महाड-पोलादपूर भागात हे पथ्य पाळणे सोपे नव्हते. पुण्याहून नवी गाडी आणायची तर भोरवरून वरंधा घाट उतरावा लागे. पोलादपूरच्या पुढे एका अंगाला आंबेनळी आणि दुसऱ्या अंगाला कशेडी. सपाट रस्त्यावर 500 मैल काढून मग घाटात शिरावे अशी सोय येथे कोणाला नव्हती. चढावर इंजिन तापते, तापलेले तेल पातळ होते, पातळ तेलाचा थर भार सोसत नाही आणि झीज वाढते. उन्हाळ्यातल्या मातीच्या सडकेवर धूळ हवेबरोबर आत जाते, ती तर किसापेक्षाही वाईट. जुन्या चालकांचा सल्ला ‘पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी ऑइल सोड’ असा असे, आणि त्यामागे या रस्त्याचा अनुभव होता. तो सल्ला त्या इंजिनांसाठी बरोबरच होता.

मात्र तेलही हळूहळू बदलत गेले. 1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांच्या रिंगा काजळीने अडकू लागल्या, आणि त्यावर उपाय म्हणून तेलात साबणासारखी साफ करणारी द्रव्ये घालण्यात आली. असे तेल काजळी धरून ठेवते आणि म्हणून लवकर काळे पडते. डिझेल गाडीचे ऑइल काळे झाले म्हणजे ते खराब झालेच, ही समजूत आजही ऐकू येते ती यामुळे. वास्तविक काळेपणा हे तेल काम करत असल्याचेही लक्षण असते. दुसऱ्या महायुद्धानंतर थंडीत पातळ आणि गरमीत पुरेसे जाड राहणारी बहुदर्जी तेले आली. भारतात बर्मा-शेल, एसो आणि कॅलटेक्स या कंपन्यांचे डबे चालत. 1969 मध्ये मुंबईत ल्यूब इंडियाचा वंगणतेलाचा कारखाना सुरू झाला. 1970 च्या दशकात या परदेशी कंपन्या सरकारी झाल्या आणि पंपावरचे डबे हिंदुस्तान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम या नावांनी येऊ लागले.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली सरकारी बस धावली आणि पुढच्या काही वर्षांत खासगी मोटारमालकांच्या मार्गांवर एसटी आली. ऑइलच्या इतिहासात एसटीचे महत्त्व वेगळे आहे. खासगी मालक तेलाचा रंग, वास आणि खिसा पाहून निर्णय घेई; आगारात मात्र गाडीच्या किलोमीटरची नोंद, ठरलेल्या टप्प्यावर तपासणी आणि तेलबदल अशी शिस्त बसली. मोठी कामे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होत. 1954 पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक निघू लागले आणि त्यांचे डिझेल इंजिन महाराष्ट्रभर ओळखीचे झाले. गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताला जे वळण लागले त्यात आगारात काम शिकून बाहेर पडलेल्यांचा वाटा मोठा होता. नोंदवही ठेवायची सवय मात्र आगारातच राहिली, गावच्या गॅरेजपर्यंत आली नाही. पुढे हमीच्या वादांत ही उणीव गाडीमालकांना महागात पडली.

हमीचा इतिहास इंजिनाच्या इतिहासाला समांतर चालतो. अमेरिकेत 1930 च्या दशकापासून नव्या गाडीला 90 दिवस किंवा 4,000 मैल, जे आधी होईल ते, अशी हमी रूढ होती. 1960 च्या सुमारास ती 12 महिने किंवा 12,000 मैल झाली. मग क्रायस्लरने 1963 च्या गाड्यांसाठी इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट 5 वर्षे किंवा 50,000 मैलांची हमी जाहीर केली. तिच्या सोबत एक अट होती: दर 3 महिन्यांनी किंवा 4,000 मैलांनी ऑइल बदलायचे आणि तसे केल्याचे विक्रेत्याला दाखवायचे. येथे एक मोठा बदल घडला. तोवर तेलबदल हा इंजिनासाठी होता. यापुढे तो कागदासाठीही झाला. मालकाने तेल बदलले आहे एवढे पुरेसे राहिले नाही, बदलल्याचा पुरावा लागू लागला.

भारतात वॉरंटीचा कायदेशीर पाया 1930 च्या माल विक्री कायद्यात आहे. त्या कायद्यात कराराच्या मुख्य हेतूला धरून असलेली ती ‘अट’ आणि आनुषंगिक असलेली ती ‘वॉरंटी’. अट मोडली तर माल परत करता येतो, वॉरंटी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मिळते. शिवाय कायद्याने गृहीत धरलेल्या जबाबदाऱ्या दोन्ही पक्षांच्या कराराने बाजूला सारता येतात, आणि करार छापतो तो कारखानदार. त्यामुळे पुस्तिकेतले हमीपत्र ग्राहकाला काही देते तसेच बरेच काही काढूनही घेते. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, फिल्टर, झीज होणारे सर्व भाग बाहेर. आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी सर्व्हिस केली नसेल तर उरलेलेही बाहेर. मोटारींची आणि स्कूटरची टंचाई असेपर्यंत यावर कोणी बोलत नसे. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. 1972 मध्ये आलेल्या चेतकची तर अनेक घरांनी दहा-दहा वर्षे वाट पाहिली. गाडी मिळणे हीच मोठी गोष्ट असताना हमीपत्र वाचतो कोण?

चेतक दोन-स्ट्रोक होती. तिच्या इंजिनाला वंगण मिळे ते पेट्रोलमध्येच मिसळलेल्या तेलातून, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाई. त्यामुळे चेंबरमधले इंजिन ऑइल बदलण्याचा प्रश्न येत नसे. बदलायचे ते गिअरबॉक्सचे तेल, आणि नव्या स्कूटरचे तेही पहिल्याच सर्व्हिसला. खेड्यापाड्यांत तेलबदल खऱ्या अर्थाने घरोघर पोचला तो 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आल्यावर. चार-स्ट्रोकच्या या छोट्या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर, आणि तेच तेल इंजिन, क्लच व गिअर या तिन्हींचे काम करते. क्लचच्या चकत्यांची भुकटीही त्यातच उतरते. इतके थोडे तेल, इतकी कामे आणि कागदी फिल्टरही नाही: म्हणून अशा मोटारसायकलींत पहिले ऑइल आजही 500 ते 750 किलोमीटरला बदलतात, आणि ते योग्य आहे. याआधी, डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 आली होती. तिच्यासोबत फ्री सर्व्हिसची कुपने, शिक्का मारायची पुस्तिका आणि ‘ऑथराइज्ड’ गॅरेज हे शब्द मध्यमवर्गाच्या घरात शिरले.

दासगावसारख्या ठिकाणी या व्यवस्थेचा भार अंतराच्या रूपाने पडला. पहिल्या सर्व्हिससाठी शोरूम जिथे आहे तिथे जायचे, दिवस मोडायचा, मजुरी फुकट असली तरी ऑइल आणि फिल्टरचे पैसे भरायचे. दहा मिनिटांवरचा मिस्त्री तेच तेल निम्म्या वेळात सोडून देत असताना शंभर किलोमीटरचा हेलपाटा अनेकांना वायफळ वाटे. परिणाम दुहेरी झाला. काहींनी कुपन वाया घालवले पण तेल वेळेवर बदलले; त्यांचे इंजिन चांगले राहिले आणि हमी गेली. काहींनी कुपनाच्या तारखेसाठी थांबून राहत तेल उशिरा बदलले. त्यांची हमी राहिली आणि इंजिन गेले. गावच्या बाजारात मिळणाऱ्या डब्यांचाही प्रश्न होता. जळके ऑइल गाळून पुन्हा नामांकित डब्यांत भरण्याचा धंदा देशभर चालत असे, आणि तो रोखण्यासाठी केंद्र सरकारला 1987 मध्ये वंगणतेले व ग्रीस यांच्या प्रक्रिया आणि वितरणावर स्वतंत्र आदेश काढावा लागला.

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा मंच आले. रायगडचा मंच अलिबागला. तक्रार मात्र विक्रेत्याचा धंदा जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल तिथे करायची होती, म्हणजे मुंबईत घेतलेल्या गाडीसाठी दासगावच्या ग्राहकाला बहुधा मुंबई गाठावी लागे. दोष उत्पादनातलाच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलून देणे एवढीच जबाबदारी असेल तर ग्राहकाला अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. छापील ओळींना किती वजन आहे हे या निकालाने कळले.

25 ऑगस्ट 2014 चा भारतीय स्पर्धा आयोगाचा निर्णय त्याहून दूरगामी आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाची रक्कम पुढे अपिलांत अडकली. निर्णयातला एक आदेश मात्र दासगावच्या मिस्त्रीच्या थेट कामाचा होता: ग्राहक बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. चुकीच्या दुरुस्तीमुळे झालेले नुकसान कंपनी नाकारू शकते. पण नुकसान आणि ती दुरुस्ती यांचा संबंध असला पाहिजे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला. आता दासगावकराची तक्रार अलिबागला दाखल होऊ शकते, तीही ऑनलाइन.

हमी जिथे मुळीच पोचत नाही अशी एक गोष्ट या खोऱ्याला चांगली ठाऊक आहे: पूर. जुलै 2005 मध्ये दासगावावर दरड कोसळून माणसे गेली, घरे उद्ध्वस्त झाली आणि महाड पाण्याखाली गेले. 22 जुलै 2021 रोजी महाड पुन्हा बुडाले. सावित्रीला पूर आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबते. दासगावजवळचा कोकण रेल्वेचा भराव त्यात भर घालतो ही महाडकरांची जुनी तक्रार आहे. पुरात बुडालेल्या गाडीच्या चेंबरमध्ये पाणी शिरले की तेल चहासारखे दुधाळ होते आणि त्याची वंगणशक्ती संपते. अशी गाडी किल्ली फिरवून चालू केली तर सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हमीपत्रात नैसर्गिक आपत्ती वगळलेलीच असते. विमा मिळतो, पण पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नातून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. पुरातून निघालेली नवी गाडी, मग तिचे किलोमीटर कितीही कमी असोत, आधी सिलिंडरमधले पाणी काढून, तेल आणि फिल्टर बदलून मगच चालू करायची, हा नियम सावित्रीकाठी पुस्तिकेच्या वरचा समजला पाहिजे.

आजच्या मोटारींत चित्र बदलले आहे. सिलिंडरची घासणी अचूक यंत्रांवर होते, फिल्टर चांगला असतो, तेलही कृत्रिम किंवा अर्धकृत्रिम. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 मानक लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेला चालेल असे कमी राखेचे तेलच लागते. अनेक मोटारींत 1,000 किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला केवळ तपासणी होते आणि ऑइल 10,000 किलोमीटर किंवा एक वर्षाने बदलतात. काही कारखानदार पहिल्या भरण्यात इंजिन बसण्यासाठी खास द्रव्ये घालतात आणि ते तेल लवकर काढू नये असे सांगतात. अशा गाडीत जुन्या सवयीने 500 किलोमीटरला ऑइल सोडण्यात लाभ नाही. मात्र त्याच पुस्तिकांच्या मागच्या पानांवर ‘कठीण परिस्थिती’चे वेगळे वेळापत्रक असते: धुळीचा रस्ता, डोंगराळ भाग, जड भार, वारंवार छोट्या फेऱ्या. कशेडी-आंबेनळीचे चढ आणि दासगाव ते महाड अशा रोजच्या छोट्या फेऱ्या पाहता येथील गाडीला ते वेळापत्रक लागू पडते. शोरूममध्ये ते सहसा कोणी सांगत नाही. ग्राहकाला पुस्तिका उघडून स्वतः दाखवावे लागते.

पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल वेळेआधी बदलल्याने हमी जात नाही. ती जाते वेळ चुकवल्याने, दर्जा चुकल्याने किंवा नोंद नसल्याने. तेव्हा ऑइल गावात बदला वा शहरात, बिल गाडीच्या नंबरासह घ्यावे, त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि तेलाचा दर्जा लिहून घ्यावा आणि ते हमीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावे. काढलेले ऑइल गटारात किंवा खाडीत सोडू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, आणि परवानाधारक संकलकाकडे देणे बंधनकारक आहे.